डिजिटल दरी म्हणजे काय? माझ्या लसीच्या स्लॉटची गोष्ट

मे 2021 चा पहिला आठवडा. 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण नुकतंच सुरू झालं होतं आणि पुण्यात स्लॉट काही केल्या मिळत नव्हता. मी तेव्हा 23 वर्षांचा होतो. पहिली नोकरी, वर्क फ्रॉम होम. दर पाच-दहा मिनिटांनी कोविन पोर्टल उघडायचो आणि प्रत्येक वेळी सगळी केंद्रं भरलेली दिसायची. शेवटी एका रात्री वैतागून पायथनमध्ये 20-25 ओळींची स्क्रिप्ट लिहिली. काम साधं होतं. पुणे जिल्ह्याचा क्रमांक 363 टाकायचा, ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला 'जागा आहे का' असं विचारायचं, आणि जागा दिसली की लॅपटॉपने बीप वाजवायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बीप वाजला. शहरापासून 60-70 किलोमीटरवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा होती. मी पटकन बुक केली. तेव्हा जे वाटलं ते खोटं कशाला सांगू, स्वतःचा जाम अभिमान वाटला.

सकाळी तिथे पोचलो तर बाहेर गाड्यांची रांग, जवळजवळ सगळ्या एमएच-12. आत नावं पुकारत होते आणि आमच्यासारखे शहरातून आलेले लोक एकेक करून आत जात होते. गावातली माणसं कंपाउंडच्या कडेला झाडाखाली उभी राहून बघत होती. त्यातला माझ्याच वयाचा एकजण जवळ आला.

"कुठून आलात?"

"पुण्याहून."

"नंबर कसा लावला? आम्ही रोज बघतोय मोबाईलवर. उघडलं की फुल्ल असतं."

मी म्हणालो, "ऑनलाइन." त्याने मान हलवली आणि परत झाडाखाली जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तो आशाताईंशी बोलताना दिसला. त्या म्हणत होत्या, "अरे बाबा, यादी वरून येते. माझ्या हातात काय आहे?"

त्या मुलाच्या हातात स्मार्टफोन होता. त्यात नेट होतं. त्याला साइट उघडता येत होती. तरीही त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा केंद्रातली लस 60 किलोमीटरवरून आलेल्या मला मिळाली. मित्रांनो, 'डिजिटल दरी' हा शब्द आपण बातम्यांत अनेकदा वाचतो आणि आपल्या डोक्यात 'ज्यांच्याकडे फोन नाही ते लोक' असं चित्र येतं. ते चित्र अपुरं आहे. या लेखात ही दरी म्हणजे नेमकं काय, ती सॉफ्टवेअरमध्ये कुठून येते आणि ती बनवणारे आपण तिच्याबद्दल काय करू शकतो, हे नीट समजून घेऊया.

डिजिटल दरीच्या तीन पायऱ्या

हा शब्द रूढ झाला 1990 च्या दशकात. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या एनटीआयए या सरकारी संस्थेने 1995 मध्ये 'फॉलिंग थ्रू द नेट' नावाचा अहवाल काढला. टेलिफोन, कॉम्प्युटर आणि मोडेम कोणाच्या घरी आहे आणि कोणाच्या घरी नाही, याची ती पाहणी होती. दरीचा पहिला अर्थ इथून आला. तो म्हणजे साधन आहे की नाही.

पहिली पायरी, साधन. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) ग्रामीण भागातल्या 4.4 टक्के आणि शहरी भागातल्या 23.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात 14.9 टक्के घरांत होती, तर शहरांत 42 टक्के. त्यानंतर स्वस्त डेटामुळे आणि फोनमुळे चित्र बरंच बदललं. पण 'घरात फोन आहे' आणि 'माझा फोन आहे' यात फरक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के आणि पुरुष 57.1 टक्के. महाराष्ट्रात हेच आकडे 38 आणि 61.5 टक्के आहेत. म्हणजे एकाच घरात, एकाच छपराखाली दरी असू शकते.

दुसरी पायरी, कौशल्य. एस्टर हार्गिताई या संशोधिकेने 2002 मध्ये सामान्य इंटरनेट वापरणाऱ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून काही ठरावीक गोष्टी शोधायला दिल्या. नेट सगळ्यांकडे होतं, पण कोणाला ती माहिती सापडली, कोणाला सापडलीच नाही, आणि लागलेल्या वेळेत प्रचंड फरक पडला. याला त्यांनी 'दुसऱ्या स्तराची डिजिटल दरी' म्हटलं. डच अभ्यासक यान फान डाइक यांनी 2005 च्या पुस्तकात हाच विचार पुढे नेला आणि इच्छा, साधन, कौशल्य आणि प्रत्यक्ष वापर असे चार टप्पे मांडले. झाडाखालचा तो मुलगा साधनाच्या पायरीवर माझ्या बरोबरीने उभा होता. मी पुढे गेलो तो या दुसऱ्या पायरीवर.

तिसरी पायरी, फायदा. समजा दोघांकडे फोन आहे आणि दोघांना तो वापरताही येतो. तरी त्यातून कोणाच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न उरतोच. एकाला नोकरी, कर्ज, लस मिळते आणि दुसऱ्याला 'काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' हा मेसेज. ही पायरी सर्वेक्षणात पकडायला सगळ्यात अवघड, आणि माणसाच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी.

कोविनमध्ये नेमकं काय घडलं?

आता थोडं तांत्रिक बघू. कोविनवर 18 ते 44 वयोगटासाठी आधी ऑनलाइन बुकिंग करणं सक्तीचं होतं. नोंदणी 28 एप्रिल 2021 ला उघडली आणि लसीकरण 1 मे पासून सुरू झालं. देशातल्या कुठल्याही माणसाला कुठल्याही केंद्रावर स्लॉट घेता येत होता. कोणत्या केंद्रावर किती जागा आहेत ही माहिती सार्वजनिक एपीआयमधून खुली ठेवली होती. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे माहिती मागण्याची खिडकी.

माहिती खुली ठेवण्यात काही चूक नव्हती, उलट चांगलाच हेतू होता. पण या खिडकीवर रांग कोण लावू शकतं? जो प्रोग्राम लिहू शकतो तो. माणूस एका मिनिटात फार तर चार-पाच वेळा पान रिफ्रेश करेल. स्क्रिप्ट न थकता, न झोपता विचारत राहते. पुढे एका आयपी ॲड्रेसवरून 5 मिनिटांत 100 विनंत्या अशी मर्यादा आली. तरी 100 विनंत्या म्हणजे दर 3 सेकंदांना एक, म्हणजे हाताने रिफ्रेश करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय टेलिग्रामवर अलर्ट देणारे ग्रुप निघाले होते. त्यामुळे स्वतः कोड न लिहिणारे पण अशा ग्रुपची खबर असणारे लोकही पुढे गेले. ती खबर कोणाला असते? ज्यांचे मित्र आयटीत असतात त्यांना.

यात भाषेची भर घाला. पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होतं. मराठी आणि इतर भारतीय भाषा त्यावर जून 2021 मध्ये आल्या. एका मोबाईल नंबरवर 4 जणांचीच नोंदणी करता यायची. एकच फोन असलेल्या सात-आठ माणसांच्या घरात ही मर्यादा लगेच आड येते.

'सगळ्यांना समान संधी, जो आधी येईल त्याला' हा नियम कागदावर अगदी न्याय्य दिसतो. पण 'आधी येणं' हेच जर नेटचा वेग, इंग्रजी आणि कोडिंगवर अवलंबून असेल, तर नियम समान असूनही निकाल असमान लागतो. आणि लस थोडी होती. मला मिळालेला डोस हवेतून आला नव्हता, तो त्या केंद्राच्या वाट्यातला होता.

सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात नेमका हाच मुद्दा घेतला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, एल. नागेश्वर राव आणि एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने म्हटलं, की लसीकरण फक्त डिजिटल पोर्टलवर अवलंबून ठेवलं तर या दरीमुळे सर्वांपर्यंत लस पोचवण्याचं उद्दिष्ट गाठता येणार नाही आणि त्याची झळ दुर्बल घटकांना बसेल. वर दिलेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे त्या आदेशातही आहेत. दृष्टिहीन लोकांना पोर्टल वापरताना येणाऱ्या अडचणींचीही नोंद आहे. त्याआधी 24 मे ला सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला केंद्राने परवानगी दिली होती, आणि 21 जूनच्या नव्या धोरणात जागेवरची नोंदणी सगळीकडे खुली झाली.

दुसरा डोस मी रांगेत उभा राहून घेतला. त्यात माझा काही मोठेपणा नाही, तोवर लस सहज मिळायला लागली होती.

'एक माणूस, एक फोन, एक नंबर'

सॉफ्टवेअर लिहिताना आपण काही गोष्टी गृहीत धरतो. त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेल्या नसतात, पण सगळ्या कोडखाली त्या असतात. त्यातलं सगळ्यात मोठं गृहीतक म्हणजे प्रत्येक माणसाचा स्वतःचा फोन असतो, तो आत्ता त्याच्या हातात असतो आणि त्याला रेंज असते. ओटीपीची अख्खी पद्धत यावर उभी आहे.

मी ज्या कंपनीत होतो, तिथे एका ॲपचा लॉगिन स्क्रीन माझ्याकडे होता. ओटीपीसाठी मी 30 सेकंदांचा टाइमर ठेवला होता. का? कारण ऑफिसच्या वाय-फायवर टेस्टिंग करताना ओटीपी तीन-चार सेकंदांत यायचा. 30 म्हणजे भरपूर झाले, असं वाटलं. मग दिवाळीला गावी गेलो. मावशीला एका कामासाठी आधारचा ओटीपी हवा होता. तिच्या आधारला नंबर जोडलाय माझ्या मावसभावाचा, कारण नोंदणी झाली तेव्हा घरात तेवढा एकच मोबाईल होता. भाऊ चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरला. आधारचा ओटीपी 10 मिनिटं चालतो. त्याची शिफ्ट 8 तासांची. मावशी सेंटरवर तीन वेळा जाऊन परत आली. चौथ्या वेळी रविवारी काम झालं. दुसऱ्या गावी जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला तीन दिवसांचा रोज कोण मोजणार?

परत आल्यावर ऑफिसात मी टाइमरबद्दल तिकीट टाकलं आणि फोन दुसऱ्याचा असेल तर काय, असा प्रश्नही त्यात लिहिला. टाइमर वाढला. दुसरा मुद्दा 'एज केस' म्हणून बंद झाला. 'एज केस' म्हणजे क्वचित घडणारी, कडेची परिस्थिती. आमच्या डॅशबोर्डवर मावशीसारखी माणसं दिसतच नव्हती, कारण जो लॉगिनच करू शकला नाही तो वापरकर्ता म्हणून मोजला जात नाही.

हेच गृहीतक सरकारी फॉर्ममध्येही दिसतं. महाराष्ट्रातली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिच्यात ई-केवायसी सक्तीची झाली. आधी स्वतःच्या आधारचा ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी असा क्रम होता. आता विचार करा, ज्या बाईचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, तिने दुसऱ्या रकान्यात काय भरायचं? घटस्फोटित बाईने कोणाकडे ओटीपी मागायचा? पुढे नोव्हेंबरमध्ये मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवताना अशा महिलांसाठी मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं देण्याची वाट काढली गेली. ती वाट आली हे चांगलंच झालं. पण आधाराची सगळ्यात जास्त गरज असलेली बाईच त्या रकान्यात अडकणार, हे फॉर्म आखताना दिसायला हवं होतं.

अंगठा उमटला नाही तर?

रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावताना काय होतं? मशीन तुमच्या बोटाच्या ठशाची खूण आधारच्या सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हर तुमच्या क्रमांकाखाली साठवलेल्या ठशाशी ती ताडून बघतो. दोन ठसे कधीच शंभर टक्के सारखे येत नाहीत. त्यामुळे सर्व्हर 'किती जुळलं' याचा एक गुण काढतो आणि तो ठरलेल्या रेषेच्या वर असला तर 'हो' म्हणतो.

ही रेषा कुठे आखायची हा निर्णय माणसांचा असतो. रेषा वर नेली तर भलत्याच माणसाला 'हो' मिळण्याची शक्यता कमी होते, पण खऱ्या माणसाला 'नाही' ऐकावं लागण्याची शक्यता वाढते. रेषा खाली आणली तर उलट. यातली एक चूक तिजोरीला महाग पडते, दुसरी माणसाला. आणि दुसरी चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. कीबोर्डवर काम करणाऱ्या माझ्या बोटांच्या रेषा शाबूत आहेत. ऊस तोडणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, आयुष्यभर भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. वय वाढलं की त्वचा कोरडी पडते. म्हणजे ज्याला रेशनची गरज जास्त, त्याचाच अंगठा मशीनला कळण्याची शक्यता कमी.

मार्च 2018 मध्ये यूआयडीएआयचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयात सादरीकरण केलं. सरकारी सेवांमध्ये ऑथेंटिकेशन यशस्वी होण्याचं प्रमाण 88 टक्के असल्याचं त्यातून समोर आलं. बँकांसाठी हे प्रमाण 95 आणि टेलिकॉमसाठी 97 टक्के होतं. ऑथेंटिकेशन फेल झालं म्हणजे लाभ नाकारला असं होत नाही, ही प्राधिकरणाची बाजू होती. नियमाने ते खरं आहे. पण दुकानात मशीन 'नाही' म्हणाल्यावर पुढे काय होणार, हे दुकानदाराला पर्यायी रस्ता माहीत आहे का आणि तो वापरायची त्याची तयारी आहे का, यावर ठरतं. सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी सरकारी लाभांसाठी आधारचा वापर कायम ठेवला. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती होते चंद्रचूड.

मग तंत्रज्ञानच वाईट का? असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांचे दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून बघा.

पहिला आंध्र प्रदेशातला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्टकार्डने द्यायला सुरुवात झाली. 157 मंडलांमध्ये हे तपासलं. पैसे लवकर मिळायला लागले आणि गळती कमी झाली. महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांनाही पैसे देणं सुरू ठेवलं होतं.

दुसरा झारखंडमधला, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला. इथे रेशनसाठी आधारचं ऑथेंटिकेशन आणलं गेलं. गळती त्याने कमी झाली नाही. लाभार्थ्यांचा रेशन मिळवण्याचा खर्च मात्र वाढला. ज्यांचं कार्ड सुरुवातीला आधारशी जोडलेलं नव्हतं, अशा 23 टक्के लोकांना मिळणारा लाभ सरासरी 10 टक्क्यांनी घटला आणि त्यांच्यातल्या 2.8 टक्के लोकांना काहीच मिळेनासं झालं.

दोन्हीकडे बायोमेट्रिक होतं. योजना आणि राज्यं वेगळी होती, त्यामुळे तुलना जपून करायला हवी. तरी एक फरक ठळक आहे. आंध्रमध्ये मशीनशिवायचा रस्ता उघडा ठेवला होता. कुठल्याही डिजिटल योजनेबद्दल मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: मशीन 'नाही' म्हणालं तर दुसरा रस्ता कोणता?

डोळे मिचकावा

घरबसल्या केवायसी करताना ॲप सांगतं, 'कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकावा.' याला लाइव्हनेस चेक म्हणतात. समोर फोटो धरलाय की जिवंत माणूस आहे, हे ओळखायची ही पद्धत. मी स्वतः हे फीचर एका प्रोजेक्टमध्ये लावलंय. लायब्ररी तयार असते, अर्ध्या दिवसाचं काम.

ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या जळाल्या त्यांनी कसं मिचकावायचं? दृष्टिहीन माणसाने चेहरा चौकटीत कसा आणायचा? हे प्रश्न ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांनी 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून 20 निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय हवा, हे त्यातलंच.

माझ्या अर्ध्या दिवसाच्या कामात हा विचार एकदाही आला नव्हता. रिव्ह्यू करणाऱ्यालाही आला नाही. आमच्या टीममधल्या सगळ्यांना डोळे मिचकावता येत होते.

मदत करणारा पुतण्या

दरी असली तरी कामं होतातच, कारण मधे कोणीतरी असतं. सेवा केंद्रवाला, अंगणवाडी सेविका, कॉलेजला जाणारा पुतण्या. या लोकांशिवाय देशातली अर्धी डिजिटल व्यवस्था ठप्प होईल असं मला वाटतं. पण त्याची एक किंमत असते. मावशीचा ओटीपी, पासबुकचा फोटो, पिन हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. आपण एकीकडे 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असा मेसेज पाठवतो आणि दुसरीकडे अशी ॲप बनवतो जी ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय वापरताच येत नाहीत. मग फसवणूक झाली की म्हणतो, लोक अडाणी आहेत.

डेव्हलपर असाल तर हे प्रश्न विचारा

हे प्रश्न मी माझ्यासाठी लिहून ठेवलेत. नवीन फीचरची चर्चा सुरू झाली की काढतो.

1. हा फोन वापरणाऱ्याचा स्वतःचा नसेल तर काय होईल? ओटीपी ज्याच्याकडे येतो तो समोर नसेल तर?

2. नेट मधेच गेलं तर भरलेली माहिती राहते, की पहिल्यापासून भरावी लागते? स्वस्त फोनवर आणि कमी रेंजमध्ये टेस्ट केलंय का?

3. मराठी आहे का, आणि ती वाचून कळते का? 'प्रमाणीकरण अयशस्वी' यातून कोणालाही काही कळत नाही. 'अंगठा जुळला नाही, दुसरं बोट लावून बघा' यातून कळतं.

4. फॉर्ममधला प्रत्येक सक्तीचा रकाना प्रत्येकाला भरता येईल का? वडील नसलेल्याला? आडनाव न लावणाऱ्याला? पत्ता कायम बदलणाऱ्या ऊसतोड कामगाराला?

5. जे अर्ध्यात सोडून गेले त्यांची मोजणी होते का? ते कुठे अडकले, हे कोणी बघतं का?

6. 'जो आधी येईल त्याला' हा नियम खरंच हवा का? वस्तू थोडी असेल तर सोडत काढणं किंवा स्थानिकांसाठी जागा राखून ठेवणं जास्त बरोबर ठरेल का?

7. मशीन 'नाही' म्हणालं तर कोणाला भेटायचं, हे स्क्रीनवर लिहिलंय का? आणि त्या माणसाकडे 'हो' म्हणायचा अधिकार आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'माझ्या हातात काय आहे?' असं आशाताई म्हणाल्या ते खरंच होतं. त्या गावातलं प्रत्येक घर त्यांना माहीत होतं, कोणाला लस आधी हवी हेही माहीत असणार. पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी एकही बटण नव्हतं.

आणि वापरणारे आपण?

तुम्ही डेव्हलपर नसाल तरी दोन-तीन गोष्टी करता येतात. घरातल्या मोठ्यांना मदत करताना फोन हातातून काढून घेऊ नका, त्यांच्या हातात ठेवून सांगा. वेळ लागतो, पण पुढच्या वेळी तुमची वाट बघावी लागत नाही. आधारला जोडलेला नंबर त्यांचा स्वतःचा आहे का, हे आजच तपासा आणि नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. रेशन दुकानात कोणाचा अंगठा उमटला नाही म्हणून परत पाठवताना दिसलं तर थांबून विचारा, दुसरं बोट किंवा डोळ्यांचं स्कॅन करून बघितलं का, नोंदवहीत लिहून धान्य देता येतं का. अपवाद हाताळण्याबद्दल यूआयडीएआयने ऑक्टोबर 2017 मध्येच परिपत्रक काढलेलं आहे, त्यामुळे तुम्ही काही उपकार मागत नसता.

आणि कुठे झटपट नंबर लागला, पटकन तिकीट मिळालं, रांग टाळता आली, तर एकदा मागे वळून बघा. रांग तिथेच असते. त्या दिवशी तो मुलगा 'नंबर कसा लावला' असं विचारत होता, तेव्हा मी त्याला ती स्क्रिप्ट दाखवू शकलो असतो, निदान टेलिग्रामवरचा अलर्ट ग्रुप तरी जोडून देऊ शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. मी 'ऑनलाइन' म्हणालो आणि माझं नाव पुकारल्यावर आत गेलो.